ब्रिजवॉटर ते ब्रॉन्क्स: भर हंगामात यांकीज आणि त्यांच्या खालच्या संघांवर नजर कशी ठेवायची

जुलैमधला मंगळवार. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या मैदानात चौथी इनिंग सुरू झाली आणि सॉमरसेट पेट्रियट्सचा, म्हणजे न्यूयॉर्क यांकीजच्या एका खालच्या संघाचा, डावीकडचा आउटफील्डर आलाच नाही. त्याच्या जागी दुसराच पोरगा पळत आला. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आलेले आमचे बाबा एकदम सावरून बसले. "लागलं का रे त्याला?" मी डगआउटकडे, म्हणजे खेळाडूंच्या बाकड्यांकडे, बोट दाखवलं. तो कठड्याला टेकून उभा होता आणि एकेक जण येऊन त्याला मिठी मारत होता.

"लागलं नाही बाबा, बढती झालीय."

"सामना चालू असताना?"

हो, सामना चालू असताना. वरच्या संघात कुणाचं तरी मनगट दुखावलेलं असतं, वरून फोन येतो आणि खालच्या पोराला लगेच बसवतात, कारण आता त्याला काही होऊन चालणार नाही. इथल्या बेसबॉलवेड्यांना या मिठ्या हुडकायचा एक वेगळाच नाद असतो. बाबांना बेसबॉल कळायला लागला तो त्या संध्याकाळी, आणि तोही होमरनमुळे नव्हे, बदलीच्या ऑर्डरमुळे. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला माणूस. जागा रिकामी कशी होते, ती भरायला कुणाला उचलतात, कागद कुठून निघतो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मीही तुम्हाला तेच सांगणार आहे. जून ते सप्टेंबरच्या मधे एखादा संघ आणि त्याचे खालचे संघ धरायचे असतील तर धावफलकाच्या मागे लागू नका, रिकाम्या जागेच्या मागे लागा. यांकीजचे वर्षाला १६२ सामने आणि चार खालच्या संघांचे प्रत्येकी १३० ते १५०. एवढे सामने बघायचे तर नोकरी सोडावी लागेल. जागांचा हिशोब मात्र रोजच्या पंधरा मिनिटांत होतो.

आधी जिना पाहून घ्या

मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या लीगमध्ये, ३० संघ आहेत. २०२१ च्या फेररचनेपासून प्रत्येकाच्या हाताखाली पूर्ण हंगाम खेळणारे चार संघ असतात, म्हणजे एकूण १२०. यांकीजचा जिना वरून खाली असा: ट्रिपल-ए म्हणजे स्क्रँटन/विल्क्स-बारी रेलरायडर्स, डबल-ए म्हणजे सॉमरसेट पेट्रियट्स, हाय-ए म्हणजे हडसन व्हॅली रेनेगेड्स आणि सिंगल-ए म्हणजे टॅम्पा टारपन्स. त्याच्याही खाली फ्लोरिडातली कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. तिथे सतरा-अठरा वर्षांची पोरं खेळतात. तिकडे पहिल्या वर्षी बघूसुद्धा नका.

मी यांकीज निवडले त्याचं कारण निव्वळ भूगोल. एडिसन-हिल्सबरोकडच्या आपल्या माणसांना ब्रिजवॉटर घरचंच, बालाजी मंदिरामुळे रस्ता पाठ असतो. स्क्रँटनचं मैदान पेनसिल्व्हेनियातल्या मूझिक गावात आहे, हडसन व्हॅलीचं वॉपिंगर्स फॉल्समध्ये. तिन्ही ठिकाणी शनिवारी जाऊन रात्री घरी परतता येतं. तुम्ही दुसऱ्या शहरात असाल तर तुमच्या जवळचा खालचा संघ कुणाचा आहे ते आधी बघा आणि वरचा संघ त्यावरून ठरवा. उलट केलंत तर टीव्हीपुरतेच राहाल.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. आपल्याकडचा माणूस याची तुलना लगेच रणजीशी करतो. पण रणजीत मुंबईचा संघ मुंबईसाठी खेळतो, जिंकणं हेच काम. इथे खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांचाही पगार यांकीज देतात. गावातल्या क्लबकडे मैदान, तिकिटं, हॉटडॉग आणि मुलांना हसवणारा शुभंकर एवढंच. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) पंचाहत्तर चेंडूंवर थांबायचं असं ब्रॉन्क्समधून, म्हणजे यांकीजच्या घरून, ठरलं असेल, तर तोवर एकही हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) दिलेला नसला तरी मॅनेजर त्याला काढतो. प्रेक्षक हुर्यो करतात. तुम्ही करू नका, कारण तो सामना जिंकणं हा त्या संध्याकाळचा मुख्य मुद्दा नव्हताच.

आणि जिन्याच्या दोन पायऱ्यांमधला फरक पैशांत बघायचा तर: खालच्या खेळाडूंची युनियन झाल्यावर २०२३ मध्ये पहिला करार झाला, त्यात डबल-एचा किमान पगार वर्षाला ३०,२५० डॉलर ठरला आणि ट्रिपल-एचा ३५,८००. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर होता. त्या मिठ्या एवढ्या घट्ट का असतात ते यावरून समजावं.

एक वही आणि सहा नावं

ॲप चालेल, पण मी वही वापरतो. हंगाम अर्धा उलटल्यावर सुरुवात करताय म्हणून मागचं सगळं वाचून काढायची गरज नाही. खालच्या संघांचा हंगाम तसाही दोन सत्रांत असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पहिलं सत्र संपतं, त्याचे विजेते प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) जागा पक्की करतात आणि बाकी सगळ्यांची पाटी कोरी होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं वेबसाइट बिघडली. बिघडलेली नसते, दुसरी सहामाही सुरू झालेली असते. नव्या माणसाने घुसायला हाच मुहूर्त.

वहीत सहा नावं लिहा. दोन स्क्रँटनची, दोन सॉमरसेटची, एक त्याखालचं आणि एक सध्या जखमी असलेल्याचं. गुणी तरुण खेळाडूंच्या याद्या एमएलबी पाइपलाइन, बेसबॉल अमेरिका आणि फॅनग्राफ्स काढतात. भर हंगामात त्या सुधारूनही येतात. पण सहाच्या सहा नावं यादीच्या वरूनच उचलू नका. बेन राइस २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (संघ दरवर्षी आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) बाराव्या फेरीत निवडला गेला होता. २०२४ ची सुरुवात त्याने सॉमरसेटमध्ये केली, जूनमध्ये यांकीजकडून पहिला सामना खेळला आणि ६ जुलैला बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध एकाच सामन्यात तीन होमरन मारले. पिचर कॅम श्लिटलर सातव्या फेरीतला. २०२५ मध्ये सॉमरसेट, मग स्क्रँटन, मग जुलैत ब्रॉन्क्स, आणि २ ऑक्टोबरला प्लेऑफच्या पहिल्या, म्हणजे वाइल्ड कार्ड फेरीच्या निर्णायक सामन्यात रेड सॉक्सविरुद्ध आठ इनिंगमध्ये बारा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), एकही वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) नाही, एकही रन नाही. पोरगा मॅसॅच्युसेट्सचा, म्हणजे रेड सॉक्सच्याच मुलखातला. एप्रिलमध्ये ब्रिजवॉटरला गेलेल्यांनी त्याला अगदी जवळून पाहिलं होतं.

प्रत्येक नावापुढे रकाने पाडा: वय, संघ, ४० च्या यादीत आहे का, शेवटची बदली कधी. यातला तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. का ते आता सांगतो.

कागद वाचायला शिका

प्रत्येक संघाच्या वेबसाइटवर 'ट्रान्झॅक्शन्स' नावाचं एक रुक्ष पान असतं. रोज सकाळी चहाबरोबर तेवढं वाचा, सामन्यांचे निकाल नंतर बघितले तरी चालतात. कोण आला, कोण गेला, कुठून कुठे, बस. बाबा त्याला 'आवक-जावक रजिस्टर' म्हणतात.

ते समजायला दोन आकडे पुरे: २६ आणि ४०. मैदानात उतरू शकणारे २६ (१ सप्टेंबरपासून २८). आणि मोठी यादी ४० जणांची, त्यात हे २६ असतातच, शिवाय स्क्रँटनला किंवा आणखी खाली खेळणारे काही असतात. ४० मधला खेळाडू वर आणणं सोपं. ४० च्या बाहेरच्याला आणायचं तर आधी ४० मध्ये जागा करावी लागते, म्हणजे कुणाचं तरी नाव खोडायचं. म्हणूनच कधी कधी स्क्रँटनला धो-धो हिट मारणारा पोरगा तिथेच बसतो आणि त्याच्यापेक्षा साधारण खेळणारा वर जातो. लोक लगेच वशिल्याच्या गोष्टी करतात. बहुतेक वेळा प्रश्न फक्त ४० चा असतो.

आता नोंदी. 'ऑप्शन' म्हणजे ४० मधल्या खेळाडूला खाली पाठवणं. अशी खेळाडूच्या नावावर साधारण तीन वर्षं असतात आणि एका हंगामात त्याला पाचपेक्षा जास्त वेळा असं पाठवता येत नाही. खाली गेलेला बॅटर दहा दिवस आणि पिचर पंधरा दिवस वर येऊ शकत नाही, मुख्य अपवाद: वर कुणी जखमी होऊन जागा झाली तर. म्हणजे ऑप्शनची तारीख वहीत लिहिली की परतीची सर्वांत जवळची तारीख आपोआप कळते.

जखमींच्या यादीचेही प्रकार आहेत. बॅटरला किमान दहा दिवस, पिचरला पंधरा. पण खरी बातमी असते ६० दिवसांच्या यादीची, कारण तिथे गेलेला माणूस ४० मध्ये मोजला जात नाही. '६० दिवस' दिसलं की समजायचं, बाहेरच्या कुणासाठी तरी दार किलकिलं झालं. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी स्क्रँटनचं एखादं नाव बहुतेकदा वर येतं.

'डीएफए' ही नोंद वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. ऑप्शन संपलेल्या किंवा नकोशा झालेल्या खेळाडूचं नाव ४० मधून काढायचं आणि सात दिवसांत त्याची सोय लावायची: सौदा, वेव्हर म्हणजे दुसऱ्या संघांनी उचलणं, नाहीतर खाली रवानगी किंवा सुट्टी. सात दिवस माणूस घरी बसून फोनकडे बघतो. बाबांच्या भाषेत 'पदस्थापनेच्या प्रतीक्षेत'.

आणि एक आनंदाची नोंद: 'रिहॅब'. बरा होत आलेला मोठा खेळाडू सरावासाठी खालच्या संघाकडून खेळतो, बॅटर जास्तीत जास्त वीस दिवस, पिचर तीस. २०२४ च्या जूनमध्ये गेरिट कोल, आदल्याच वर्षी साय यंग (सर्वोत्तम पिचरचा मान) जिंकलेला, आपला पहिला रिहॅब सामना सॉमरसेटकडून खेळला. ही बातमी एक-दोन दिवस आधी येते आणि ब्रिजवॉटरची तिकिटं भराभर संपतात. यांकी स्टेडियममध्ये तो माणूस मुंगीएवढा दिसतो, इथे त्याचं बोलणं ऐकू येतं.

आकडे, पण जपून

पिचरची ओळ अशी असते, समजा: ५.२, ४, २, २, १, ८. म्हणजे इनिंग, हिट, रन, त्यातले त्याच्या खात्यावरचे, वॉक, स्ट्राइकआउट. आपल्याला ५.२ वाचायला कुणी शिकवायला नको, ओव्हरमध्ये तो दोन चेंडू असतो, इथे पूर्ण पाच इनिंग आणि सहावीतले दोन आउट. फरक एवढाच की इनिंग तीन आउटची, म्हणून ५.३ कधीच दिसणार नाही.

या ओळीत खालच्या संघाच्या पिचरसाठी मी शेवटचे दोनच आकडे बघतो. आठ स्ट्राइकआउटला एक वॉक हे उत्तम, भले चार रन गेले असोत. हिट आणि रन यांत क्षेत्ररक्षण, मैदान, नशीब सगळं मिसळलेलं असतं. वॉक आणि स्ट्राइकआउट बऱ्यापैकी त्याचे स्वतःचे.

बॅटरबाबत आधी वय बघा. डबल-एमध्ये वीस-एकवीस वर्षांचा पोरगा साधारण खेळत असेल तर ती चांगली बातमी आहे, कारण समोरचे पिचर त्याच्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. सत्ताविशीचा माणूस तिथे धुमाकूळ घालत असेल तर कौतुक करा, पण वहीत नाव नको. तुलना करताना लीगही बघा. स्क्रँटन इंटरनॅशनल लीगमध्ये आहे. पश्चिमेकडच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रीनो अशी उंचावरची गावं आहेत, हवा विरळ, चेंडू लांब जातो. तिकडचे होमरन आणि इकडचे होमरन एकाच तागडीत टाकू नयेत.

आणि वर गेल्यावर पहिले दोन महिने मत बनवू नका. ॲरन जजने १३ ऑगस्ट २०१६ ला यांकीजकडून पहिल्यांदाच बॅटिंगला येऊन होमरन मारला, पण त्या मोसमात ८४ अॅट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या संधींमध्ये) ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, सरासरी .१७९. पुढच्या वर्षी ५२ होमरन आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान. तेव्हा आमच्या ऑफिसमधला एकजण 'पाठवा परत स्क्रँटनला' म्हणत होता. तो एकजण मीच होतो.

जुलै नावाचा बाजार

जुलैच्या मध्यावर ऑल-स्टारचा आठवडा. त्यातच निवडक तरुणांचा फ्यूचर्स गेम होतो आणि वीस फेऱ्यांचा ड्राफ्टही. ड्राफ्टची दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही: अमेरिकेतल्या संघांमध्ये मिळून १६५ खेळाडूंची मर्यादा आहे, नवे आले की जुन्यांना जागा सोडावी लागते. जुलैअखेर टॅम्पा आणि हडसन व्हॅलीच्या नोंदींत 'रिलीज्ड' हा शब्द ओळीने दिसतो.

मग सौद्यांची मुदत, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला. २०२५ मध्ये ती ३१ जुलैला होती. यांकीजसारखा जिंकायला निघालेला संघ मोठा खेळाडू घेतो आणि किंमत खालच्या पोरांत मोजतो. त्या वर्षी डेव्हिड बेडनारला पिट्सबर्गकडून आणताना राफाएल फ्लोरेस हा कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) दिला. तो ड्राफ्टमध्ये निवडलाही गेला नव्हता, सॉमरसेटला खेळून नुकताच स्क्रँटनला पोचला होता, आणि माझ्या वहीत त्याला चौकट होती. सप्टेंबरमध्ये तो पिट्सबर्गकडून मेजर लीग खेळला. रायन मॅकमहनसाठी हडसन व्हॅलीचे दोन पिचर कोलोराडोला गेले. होसे काबायेरोची तर गंमतच: टॅम्पा बे आणि यांकीज यांकी स्टेडियमवर समोरासमोर असताना त्याच दिवशी त्याचा सौदा झाला. बॅग उचलायची आणि बोळ ओलांडून पलीकडच्या खोलीत जायचं.

मुदतीच्या आठवड्यात काय करायचं? दोन कामं. आपल्या सहा नावांपैकी कोण रांगेत अडकलंय ते बघा, म्हणजे वर ज्याच्या जागी तरुण आणि पक्का माणूस बसलाय. तोच जायची शक्यता जास्त. आणि गेलेल्याचं नाव खोडू नका, नवा संघ लिहा. हिशोब तिथे संपत नाही.

पिट्सबर्गवरून आठवलं: दोन भारतीय पोरं याच जिन्यावर चढली होती. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना पिट्सबर्गने २००८ मध्ये करारबद्ध केलं. रिंकू (क्रिकेटवाला नव्हे) वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघापर्यंत पोचला. तो वर गेला नाही, पण भाला फेकणाऱ्या पोराने तीन-चार वर्षांत तिथवर जाणं किती अवघड आहे ते या वह्या ठेवायला लागल्यावर मला उमगलं.

मैदानात जाताना

खालच्या संघांना सोमवारी सुट्टी असते. मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सहा सामने. त्यामुळे सुरुवातीचा पिचर साधारण आठवड्यातून एकदा, पुष्कळदा त्याच वारी येतो. तुमचा पिचर या बुधवारी खेळला असेल तर पुढच्या बुधवारच्या आसपास बेत आखा, पण तिकीट आदल्या रात्री, 'प्रोबेबल पिचर्स'मध्ये नाव पाहून मगच काढा. हे मी अनुभवाने शिकलो. एकदा एका पिचरसाठी आठ दिवस आधी तिकिटं काढली, हायवे २८७, मग ८०, मग ३८० करत मूझिकला पोचलो आणि गेटवर फोन उघडला तर साहेब सकाळीच वर गेलेले. यांकीजची गरज होती, माझ्या तिकिटाशी त्यांना काय. मुलीने आइस्क्रीम खाल्लं, आतषबाजी बघितली आणि परतीच्या वाटेवर झोपून गेली.

ब्रिजवॉटरला रॅरिटन व्हॅली लाइनचं स्टेशन मैदानाला लागूनच आहे, पण एडिसनहून गाडीनेच बरं. मंदिराच्या कँटीनमध्ये डोसा खाऊन जा. पहिल्या बेसच्या किंवा तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, दोन्हींपैकी जिकडून समोरचा, म्हणजे सॉमरसेटचा डगआउट दिसेल तिकडे. मिठ्या दिसायला हव्यात. यांकी स्टेडियमला मात्र गाडी नेऊच नका. पेन स्टेशनपर्यंत ट्रेन, हेराल्ड स्क्वेअरहून डी सबवे, उतरायचं १६१ स्ट्रीट.

पुण्या-साताऱ्याहून पाहणाऱ्यांसाठी: पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, आणि हे अंतर अख्ख्या हंगामात बदलत नाही. संध्याकाळचा ७:०५ चा सामना आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:३५ ला. रविवार दुपारचा १:३५ चा म्हणजे रात्री ११:०५. नोकरदाराने रविवारचा धरावा. खालच्या संघांचं रेडिओ समालोचन संघाच्या वेबसाइटवर ऐकता येतं, आणि ट्रान्झॅक्शन्सचं पान तर कधीही.

बाबा ऑगस्टअखेर परत गेले. वहीतल्या सहा नावांचा फोटो काढून घेऊन गेले आणि आता पहाटे फिरायला निघण्याआधी पान बघतात. परवा त्यांचा मेसेज आला, इथे रात्रीचे साडेआठ वाजले होते: "आपला तिसरा नंबर ६० दिवसांवर गेला. स्क्रँटनहून कोण येतंय बघ."